सावलीतला बाक

ड्रायक्लीनिंगच्या त्या दुकानात मागच्या बाजूला, वाफेच्या इस्त्रीपासून जरा लांब आणि खिडकीला अगदी चिकटून, एक उंच स्टूल होतं. त्यावर रफूताई बसायच्या. त्यांचं खरं नाव मालकांच्या कागदपत्रांत कुठेतरी असणारच, पण ते शोधायची वेळ कधी कुणावर आली नाही. गिऱ्हाईकं त्यांना मावशी म्हणत, मालक आणि इस्त्रीवाला रफूताई म्हणत, आणि ठमी आई म्हणे. ठमी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. आता ती एवढी मोठी झाली होती की वर्तमानपत्रात तिचा फोटो यायचा, पण घरात ठमी ती ठमीच.

कसरीनं खाल्लेली शाल, सिगरेटच्या ठिणगीनं भोक पडलेला कोट, खिळ्याला अडकून टरकलेली पँट, सगळं रफूताईंच्या मांडीवर यायचं. रफू करायला धागा त्याच कपड्याचा लागतो. तो शिवणीच्या पोटातून, आतल्या दुमडीतून, कुणी पाहत नाही अशा जागेवरून ओढून काढायचा आणि भोकावर एक खाली एक वर असा विणत जायचा. रफूताईंनी केलेलं रफू बोट फिरवूनही सापडत नसे. गिऱ्हाईक कोट उलटासुलटा करून शेवटी म्हणायचं, "मावशी, नक्की हाच कोट ना?" आणि इस्त्रीवाला तिकडून म्हणायचा, "नाही, तुमचा हरवला, हा आमच्याकडून भेट."

एवढ्या गुणी बाईला एक खोड होती. एका भोकासाठी आलेला कपडा त्या खिडकीशी धरायच्या, उजेडात फिरवायच्या आणि गिऱ्हाइकाला दाखवायच्या, "हे बघा, इथंही विरलंय. आणि हे इथं." बिचारं गिऱ्हाईक इतके दिवस त्या कोटात सुखानं फिरत होतं. आता त्याला दुसरं काही दिसेनासं व्हायचं. मालक वैतागायचे. "रफूताई, त्यांना दिसलं नव्हतं ना? मग आपण कशाला दाखवायचं?" रफूताई म्हणायच्या, "आहे ते आहे म्हणायला नको?" मालक डोक्याला हात लावायचे. चुकीचं काही नजरेसमोर आलं की ते बोलल्यावाचून त्यांना घास गोड लागत नसे, आणि वय झालं तशी ही खोड कमी व्हायच्या ऐवजी वाढली.

ठमी सिनेमे करायची. आधी बरीच वर्षं साबणाच्या आणि टायरच्या जाहिराती केल्या, तेव्हा रफूताईंना ती नेमकं काय करते हे सांगता येत नसे. मग तिनं स्वतः लिहून स्वतः दिग्दर्शित केलेला हा सिनेमा आला. भुताखेतांचा नव्हता, पण भीतीचाच होता. एक आई आणि तिची लहान मुलगी, बाकी घरात कुणी नाही. तो आला आणि परीक्षणं लिहिणारे सगळे जणू वेडे झाले.

इस्त्रीवाला दर शुक्रवारी ती परीक्षणं वाचायचा. सिनेमाला तो कधी जात नसे. त्याचं म्हणणं, परीक्षण वाचलं की गोष्ट कळते आणि अडीच तास वाचतात. पाणी तापून वाफ धरेपर्यंत तो इस्त्रीच्या टेबलावर पेपर पसरायचा आणि मोठ्यांदा सुरू करायचा. त्या शुक्रवारी त्याचा आवाज जरा जास्तच चढला होता, कारण परीक्षण घरच्या माणसाच्या सिनेमाचं होतं.

"ऐका, ताई. 'आईपणाकडे इतक्या निर्दय डोळ्यांनी आजवर कुणी पाहिलं नसेल.' निर्दय म्हणजे चांगलं बरं का, यांच्या भाषेत. पुढं ऐका. 'गुदमरवणारा. छळणारा. मधेच उठून जावंसं वाटतं आणि उठवत नाही.'"

"हे कौतुक आहे?" रफूताईंनी विचारलं.

"मग काय! जेवढ्या शिव्या तेवढे तारे. पाचपैकी पाच दिलेत."

मालक पुढच्या काउंटरवरून ऐकत होते. त्यांनी ते कात्रण कापून दाराच्या काचेवर चिकटवायचं ठरवून टाकलं. रफूताई खाली मान घालून एका राखाडी कोटाची बाही विणत होत्या, आणि मनातून सुखावल्या होत्या. लेकीचं कौतुक कुणाला नको असतं?

"'सिनेमाचा प्राण आहे तो बाकाचा प्रसंग,'" इस्त्रीवाला वाचत गेला. "'भर दुपारी आई आपल्या लहानगीला बसथांब्यावरच्या बाकावर बसवते, हातात बिस्कीट देते, आलेच म्हणते आणि समोर आलेल्या बसमध्ये चढून निघून जाते. ती परत येते. मुलगी तिथेच असते. पण त्यानंतर ती रडत नाही, हट्ट करत नाही, आणि आईला संशय येऊ लागतो की बाकावरून उचलून आणलेली ही मुलगी आपली नव्हेच. कुठलीही खरी आई असं करणार नाही, आणि म्हणूनच हा प्रसंग दिग्दर्शिकेच्या प्रतिभेचा कळस आहे.' बघा, प्रतिभेचा कळस म्हणतोय."

रफूताईंची सुई कोटाच्या बाहेर यायची ती आतच राहिली.

आता हे सांगायलाच हवं, आणि सरळ सांगितलेलं बरं. तो बाक खरा होता. रफूताईंचा नवरा ट्रकवर होता, महिनोन्महिने दूर. तो पुढं रस्त्यावरच गेला, पण ही गोष्ट त्याआधीची. ठमी तेव्हा इतकी लहान होती की अजून धड बोलत नव्हती, आणि रडायची. भूक लागली की रडायची, पोट भरलं की रडायची, झोपेतून उठली की झोप गेली म्हणून रडायची. कडेवर पोर आणि मांडीवर लोकांचे कपडे अशी रफूताईंची अवस्था होती. शेजारची बाई म्हणायची, आईपण म्हणजे असंच असतं गं. तिचं काय जात होतं म्हणायला? तिची पोरं शाळेत जाणारी होती.

एका दुपारी रफू केलेला कोट पोचवायला त्या ठमीला घेऊन निघाल्या. बसथांब्यावर मोठं झाड होतं, त्याखाली बाक होता. ठमीला बसवलं, शेजारी कोटाची पिशवी ठेवली, तिच्या मुठीत बिस्कीट दिलं. जरा पाठ मोकळी करायला म्हणून त्या उभ्या राहिल्या. बस आली. त्या "आलेच" म्हणाल्या आणि चढल्या. काही ठरवलेलं नव्हतं. पायांनी चढल्या म्हटलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, पण झालं तसंच. खिडकीशी जागा मिळाली. तोंडावर वारा आला. आणि त्यांना बरं वाटलं, एवढं बरं की त्याआधी आणि त्यानंतर कधी वाटलं नाही. बस थांबायची, माणसं चढायची उतरायची, आणि रफूताई हात मोकळे सोडून बसल्या होत्या.

मग त्यांना कोट आठवला. भारी लोकरीचा कोट, दुसऱ्याचा, बाकावर उघडा पडलेला. त्या धडपडत उतरल्या. कोट आधी आठवला आणि त्याच्या शेजारी बसलेलं पोर मागाहून, हे रफूताईंना स्वतःला पक्कं ठाऊक होतं. परत धावताना त्या वाटेत रडल्या ते यासाठी.

ठमी बसली होती तशीच होती. बिस्कीट मुठीत विरघळलं होतं. तिनं हात पुढं केले नाहीत. आईकडं तिनं पाहिलं ते एखाद्या अनोळखी बाईकडं पाहावं तसं, आणि मग मुकाट्यानं कडेवर आली. त्या दिवसापासून ठमी रडायची थांबली. शहाणी झाली. पुढं शाळेत, नात्यात, शेजारीपाजारी, जो तो म्हणे, काय गुणी पोर आहे, वळण लावावं तर असं. ते कौतुक रफूताईंनी खाली मान घालून घेतलं. कुणाला कधी एका शब्दानं सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. एवढ्याशा पोराला काय आठवणार, या भरवशावर त्यांनी सगळा जन्म काढला होता. आणि आज इस्त्रीवाला तेच सगळं वर्तमानपत्रातून वाचून दाखवत होता.

"आणखी एक आहे," तो म्हणाला. "शेजारी ठमीची मुलाखत छापलीय. विचारलंय, ही भयंकर आई तुम्हाला सापडली कुठं? ती म्हणते, 'माझी आई अगदी उलट होती, म्हणूनच मला हे सुचलं. तिनं मला कधी क्षणभरही नजरेआड केलं नाही. मायेची जागा भक्कम असली की माणूस भीतीकडं निवांत बघू शकतो.' वा! ताई, तुमचं पण नाव काढलं पोरीनं."

मालक उठून मागं आले आणि रफूताईंना नमस्कार करून गेले, अर्धा थट्टेनं, अर्धा खरा.

रफूताईंनी त्या वाक्याचा अर्थ काय लावला? दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, सुटलो, हिला काही आठवत नाही. पण आयुष्यभर ज्यानं भोकं बुजवली त्याला झाकलेलं सगळीकडं दिसतं. पोरीनं आपली अब्रू झाकली, असंच त्यांना वाटलं. तिला सगळं आठवतं आणि तरी ती चारचौघांत सांगतेय की माझी आई अशी नव्हती. दर रविवारी न चुकता येणारा फोन, औषध घेतलंस का, जिना सांभाळून उतर, कधी चढा आवाज नाही, कधी रुसवा नाही, हे सगळं आता त्यांनी उलटं करून आतल्या बाजूनं पाहिलं. ती माया होती की बाकावर लागलेली सवय? त्यांना ठरवता येईना. एवढंच हवं होतं की ठमीनं आपल्याला मनापासून माफ केलेलं असावं. दुसरं काही मागणं उरलं नव्हतं. रविवारी दुपारी ठमी त्यांना सिनेमा दाखवायला नेणार होती, आणि तोवर त्यांचा जीव टांगणीला लागला.

रविवारी ठमी वेळेवर आली. आईच्या कोटाची कॉलर नीट केली, जिन्यावरून हात धरून उतरवलं. थिएटरमध्ये मधल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसवलं, बाहेर जावंसं वाटलं तर त्रास नको म्हणून. "घाबरलीस तर माझा हात धर," म्हणाली. रफूताईंनी तो सुरुवातीपासूनच धरला.

सिनेमा चांगला होता म्हणे. रफूताईंना त्यातलं फारसं कळलं नाही, कारण त्या एकाच प्रसंगाची वाट पाहत होत्या. तो आला. पडदा पांढराफटक झाला. डांबर वितळेल असं ऊन, त्यात एक उघडा बाक, बाकावर एवढीशी मुलगी, डोळे किलकिले केलेले, कपाळ घामानं चमकतंय. पुढच्या रांगेतल्या बाईनं तोंडावर हात ठेवला. कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. आपण पकडले गेलो ही भीती रफूताईंना होतीच, पण त्याहून जास्त सलत होतं ते ऊन. असं नव्हतं. झाड होतं. बाकी सगळं खरं, अगदी बिस्कीटसुद्धा, पण असं उन्हात टाकून त्या गेल्या नव्हत्या. सिनेमा पुढं सरकत गेला, ती पडद्यावरची आई आपल्याच मुलीच्या खोलीला बाहेरून कडी लावू लागली, लोक खुर्च्यांवर आक्रसले, आणि रफूताई मनातल्या मनात ते झाड तिथं लावत बसल्या.

दिवे लागले. लोक उठून टाळ्या वाजवू लागले. ठमीला दोघांचौघांनी गराडा घातला. त्यांतला एक, बहुतेक परीक्षणं लिहिणाराच असावा, रफूताईंकडं वळून म्हणाला, "तुम्ही त्यांच्या आई? तुम्हाला बघून फार बरं वाटलं. आम्हाला उगीच भलतीच शंका होती." सगळे हसले. ठमीही हसली. रफूताईंनी पर्स घट्ट धरली.

मग त्या दोघी बाहेरच्या कॉफीच्या काउंटरपाशी एका छोट्या टेबलावर बसल्या. ठमीनं साखर घालून कप आईपुढं सरकवला. इतक्या लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं तरी तिचा चेहरा परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या पोरीसारखा झाला होता.

"बोल ना काहीतरी, आई. राग आला?"

"राग कसला. छान केलंयस. सगळे म्हणतातच आहेत."

"सगळ्यांचं जाऊ दे. तू सांग."

रफूताईंनी कप उचलला आणि परत ठेवला. बोलू नये, हे त्यांना कळत होतं. आणि बोललं की पोरीच्या मनावरचं ओझं उतरेल, आपल्याला ठाऊक आहे हे तिला कळेल, असंही वाटत होतं. या दोन्हींच्या मधे ती जुनी खोड उभी होती.

"बाकी सगळं ठीक. फक्त तो बाक तेवढा उन्हात घेतलास."

"ते मुद्दाम. एवढं ऊन करायला केवढे दिवे लावले होते माहितीये? त्याचंच तर सगळे कौतुक करतायत."

"करू देत. पण तसं नव्हतं गं. मोठं झाड होतं तिथं. मी तुला सावलीत बसवलं होतं."

ठमी हसली. "कुठं तिथं?"

ते हसू खरं होतं. अगदी निवांत, आई काहीतरी भलतंच बोलतेय अशा कौतुकाचं. त्या हसण्यावरून रफूताईंना कळलं की ठमीला काहीही आठवत नव्हतं. तिनं कुणाची अब्रू झाकली नव्हती. माझी आई अशी नव्हती, हे ती आपलं खरं समजूनच सांगत होती. रफूताईंनी अजूनही म्हणायला हवं होतं, की माझा घोटाळा झाला, सिनेमा डोक्यात बसलाय. पण खोटं बोलायला सराव लागतो आणि त्यांना तो फक्त गप्प बसण्याचा होता.

ठमीचं हसू जागेवरच थांबलं. "आई, मला कुठं बसवलं होतंस?"

"लहान होतीस तू. लगेच आले मी परत. दोन-तीन थांबे फक्त."

"बसमध्ये चढलीस?"

रफूताईंनी होकारार्थी मान हलवली.

ठमीनं आपला कप बाजूला सरकवला. "लोक विचारतात, हे कुठून आलं," ती हळू आवाजात म्हणाली. "मला वाटायचं, मी हुशार आहे." मग तिनं विचारलं, "मी रडत होते?"

"नाही. अजिबात नाही. शहाण्यासारखी बसली होतीस."

"मग परत कशासाठी आलीस?"

एवढाच प्रश्न होता, आणि त्याला एकच उत्तर होतं, ते जगातल्या कुठल्याही आईला येतं. रफूताईंच्या ओठांवर ते होतंही. पण मधेच तो कोट डोळ्यांपुढं आला, गडद निळा, लोकरीचा, पिशवीतून बाही बाहेर आलेला. फार वेळ नाही, एखादा घोट घ्यावा एवढाच वेळ गेला.

"तुझ्यासाठीच की," त्या म्हणाल्या.

ठमी आईच्या तोंडाकडं पाहत होती. अभिनेत्यांचे चेहरे वाचणं हेच तिचं काम होतं. तिनं कागदी रुमालाची घडी घातली, तिची आणखी घडी घातली, आणि "बरं" म्हणाली.

मग ती उठली, आईला कोट घालायला मदत केली, पायऱ्यांवर हात धरला, गाडीचा पट्टा स्वतः लावून दिला. घराच्या दारात म्हणाली, "संध्याकाळचं औषध विसरू नकोस." आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही, एक वाकडा शब्द नाही. रफूताईंना वाटत होतं की तिनं ओरडावं, कप फोडावा, लहानपणी रडायची तसं गळा फाडून रडावं. पण गुणी पोर ती, मुकाट्यानं निघून गेली.

पुढच्या रविवारी फोन वेळेवर आला. जेवलीस का, औषध घेतलंस का. त्याच्या पुढच्या रविवारीही आला.

सिनेमाला पुढं मोठं बक्षीस मिळालं. इस्त्रीवाल्यानं पेपर पसरला. "'वर्षातला सर्वोत्तम. आईपणाच्या अंधाराचं इतकं प्रामाणिक चित्र दुसरं नाही.' आणि हे बघा, मुलाखत पण आहे. 'तुमची स्वतःची आई कशी होती, असं विचारल्यावर दिग्दर्शिका काही क्षण गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, पुढचा प्रश्न विचारा. हे मौन त्यांच्या सिनेमाइतकंच बोलकं होतं.'" तो थांबला. "असं का बरं? मागं तर किती छान बोलली होती. गडबडीत असेल, नाही का?"

"असेल," रफूताई म्हणाल्या.

मालकांनी तेही कात्रण कापून काचेवर पहिल्याच्या शेजारी चिकटवलं. मग एक गिऱ्हाईक आपला कोट घेऊन मागपर्यंत आलं, कोपराजवळ एक भोक होतं. रफूताईंनी सवयीनं कोट खिडकीशी धरला आणि उजेडात फिरवला. पाठीवर, खांद्याच्या खाली, कापड पार विरलं होतं. बोट लावलं असतं तर आरपार गेलं असतं.

"आणखी कुठं खराब झालंय का, मावशी?" गिऱ्हाइकानं विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या, आणि कोटाची घडी घातली. "बाकी सगळं ठीक आहे."